प्रेझेंटेशनची शेवटची दोन मिनिटं

या वेळच्या ‘वाचकांचे प्रश्न’ सदरात विषय एकच आहे: बोलणं संपवायचं कसं? सुरुवातीची धास्ती सगळ्यांना असते, त्यामुळे तिची तयारीही होते. शेवट मात्र ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणून सोडून दिला जातो. पत्रांमधल्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच आहे.

आमच्या कंपनीत प्रत्येक प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड ‘थँक यू’ची असते. टेम्प्लेटमध्येच आहे. ती काढायची खरंच गरज आहे का?
– गुणवत्ता विभागातील अभियंता, चाकण

एकदा घड्याळ लावून पाहा, पडद्यावर सगळ्यात जास्त वेळ कोणती स्लाइड राहते. वीस मिनिटांत पंधरा स्लाइड दाखवल्या, तर एकीच्या वाट्याला मिनिट-सव्वा मिनिट येतं. शेवटची मात्र प्रश्नोत्तरं संपेपर्यंत, म्हणजे आठ-दहा मिनिटं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. इतकी मोक्याची जागा आपण ज्या दोन शब्दांना देतो, ते तर तोंडानेही म्हणतोच.

त्या जागी तीन ओळी ठेवा: काय आढळलं, काय करायचं आहे, कुणी कधीपर्यंत काय द्यायचं आहे. समजा, तुमचा विषय नवं फिक्स्चर (भाग यंत्रावर घट्ट धरून ठेवणारं साधन) बसवून एका भागाचं रिजेक्शन, म्हणजे सदोष नगांचं प्रमाण, कमी करण्याचा आहे. मग शेवटची स्लाइड अशी होईल:

रिजेक्शन ३.८ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर (लाइन २, तीन महिन्यांची चाचणी)
हेच फिक्स्चर लाइन १ आणि ३ वर बसवायचं: खर्च २ लाख ४० हजार
हवं आहे: प्लांट हेडची मंजुरी, शुक्रवारपर्यंत

याचा पहिला परिणाम प्रश्नांवर होतो. समोर ‘थँक यू’ असेल तर ज्याला जे आठवेल ते तो विचारतो. या तीन ओळी असतील तर ‘२ लाख ४० हजारांत काय काय धरलंय?’ असं विचारलं जातं, आणि तुम्हाला चर्चा तिथेच न्यायची असते. टेम्प्लेट मोडायला नको असेल तर लोगो, रंग तसेच राहू द्या, ‘थँक यू’ खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ठेवा. त्यावर कुणी हरकत घेत नाही.

आता हाताशी लागणारी एक-दोन तांत्रिक कामं. पॉवरपॉइंटमध्ये शेवटच्या स्लाइडनंतर चुकून एकदा जरी क्लिकर दाबला गेला, तरी काळा पडदा येतो आणि वर स्लाइड शो संपल्याची ओळ दिसते. म्हणून शेवटच्या स्लाइडच्या आणखी दोन प्रती तिच्या लगेच मागे टाकून ठेवा. जास्तीचं बटण दाबलं गेलं तरी पडद्यावर तेच दिसत राहील. प्रश्नांसाठी राखून ठेवलेले तक्ते त्याच्याही मागे ठेवा आणि त्या स्लाइड ‘हाइड’ करा. हाइड केलेली स्लाइड बाणाच्या बटणाने येत नाही, पण शो चालू असताना तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट उघडते. कोणता तक्ता कितव्या क्रमांकावर आहे, हे एका कागदावर ठळक लिहून जवळ ठेवा.

मला २० मिनिटं दिलेली असतात. पंधराव्या मिनिटाला कळतं की निम्म्या स्लाइड शिल्लक आहेत. मग शेवट पळत पळत होतो. बोलण्याचा वेग वाढवायचा का?
– आरोग्य विभागातील अधिकारी, अमरावती

वेग वाढवू नका. दोष तयारीच्या क्रमात आहे. आपण स्लाइड एकपासून बनवायला घेतो आणि सरावही एकपासूनच करतो. मधे कुणी हाक मारली की पुन्हा एकपासून. अशाने पहिल्या चार स्लाइड दहा वेळा म्हणून होतात आणि शेवटची एकदाही नाही.

क्रम उलटा करा. आधी शेवटची दोन मिनिटं लिहून काढा, अगदी पूर्ण वाक्यांत. सावकाश बोललं तर दोन मिनिटांत साधारण सव्वादोनशे शब्द होतात. मोबाइलवर वेळ लावून ते उभ्याने, मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचून वेळेचा अंदाज येत नाही, तो नेहमी कमीच निघतो. शेवट जमला की मगच मधला मजकूर भरा, आणि वीस मिनिटांसाठी तो सोळाच मिनिटांचा ठेवा. दोन मिनिटं शेवटाची आणि दोन माइक, उशिरा आलेले साहेब आणि ‘मागे ऐकू येत नाही’ यांची.

तरीही वेळ सरकतोच. त्यासाठी गाळायच्या स्लाइड आदल्या दिवशीच ठरवा आणि कागदावर लिहा: ‘बाराव्या मिनिटाला स्लाइड ९ वर पोचले नाही, तर १० ते १३ सोडायच्या, थेट १४.’ वेळ आली की १४ टाइप करून एंटर. बाणाचं बटण दाबत दाबत पुढे जाऊ नका. चार स्लाइड डोळ्यांसमोरून भर्रकन गेल्या की ऐकणाऱ्याचं मन त्यात काय होतं याकडे जातं. ‘वेळेअभावी बरंच सांगायचं राहिलं’ असंही म्हणू नका. काय गाळलं ते तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

आढावा बैठकांमध्ये आणखी एक प्रसंग नेहमीचा आहे. तुम्ही सहाव्या मिनिटाला असता आणि अध्यक्षस्थानावरून आवाज येतो, ‘मॅडम, दोन मिनिटांत आवरा.’ ज्याच्याकडे दोन मिनिटांचा शेवट तयार आहे, त्याचं यात फारसं नुकसान होत नाही. त्याच शेवटाची चाळीस सेकंदांची आवृत्तीही करून ठेवा: वर सांगितलेल्या तीन ओळी, बाकी काही नाही. मध्य कापला गेला तर चालेल, शेवट कापू देऊ नका.

शेवटी प्रश्न घेतले. शेवटचा प्रश्न खोचक निघाला, उत्तर अर्धवट राहिलं आणि संयोजक म्हणाले, ‘चला, जेवण तयार आहे.’ चांगलं झालेलं बोलणं असं वाया जाऊ नये म्हणून काय करावं?
– विक्री प्रतिनिधी, नाशिक

प्रश्नोत्तरं अगदी शेवटी ठेवू नका. त्यांच्या आधी एक समारोप करा आणि नंतर आणखी एक, छोटा.

याला आधार आहे. १९६६ मध्ये ग्लांझर आणि क्युनिट्झ या संशोधकांनी लोकांना शब्दांच्या याद्या दाखवून त्या आठवायला सांगितल्या. लगेच विचारलं तर यादीतले शेवटचे शब्द चांगले आठवत होते. पण मधे फक्त ३० सेकंद आकडे मोजायला लावले, की शेवटच्या शब्दांचा हा फायदा नाहीसा झाला. सुरुवातीचे शब्द मात्र टिकून राहिले. यादी आणि भाषण यांत फरक आहे हे खरं, पण यातून इतकं नक्की घेता येतं: मुख्य वाक्यानंतर दहा मिनिटं दुसराच विषय चघळला, तर ते वाक्य ताजं राहील असं धरून चालू नका.

दुसरा प्रयोग १९९३ चा, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. मग विचारलं, यातला कोणता अनुभव पुन्हा घ्याल? ६९ टक्के लोकांनी दुसरा निवडला. त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवट किंचित सुसह्य होता. म्हणून खोचक प्रश्नावर संपलेली बैठक पूर्ण बिघडल्यासारखी वाटते आणि चाळीस सेकंदांत ती सावरताही येते.

प्रत्यक्षात असं करा. संयोजकांना आधीच सांगून ठेवा: ‘प्रश्नांनंतर मला अर्धं मिनिट लागेल.’ प्रश्न घेताना ‘आणखी एक प्रश्न घेऊ’ एवढंच म्हणा, ‘शेवटचा प्रश्न’ म्हणू नका. तो बरा निघाला तर तिथेच थांबता येतं, वाईट निघाला तर आणखी एक घेता येतो. उत्तर येत नसेल तर ‘हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, उद्या दुपारपर्यंत मेल करतो’ म्हणा आणि तारीख पाळा. मग तीन ओळींची स्लाइड पुन्हा समोर आणून: ‘प्रश्न बरेच आले, त्यातले दोन दराबद्दलचे होते, त्यांचं लेखी उत्तर देतो. आज ठरवायचं आहे ते एवढंच...’ आणि मागणीचं वाक्य. यानंतर नवा मुद्दा काढू नका.

पीएच.डी.च्या खुल्या मौखिक परीक्षेत शेवट कसा करावा? मार्गदर्शकांचे आभार शेवटी मानायलाच हवेत ना?
– संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

इथे वरचा उपाय लागू पडत नाही. प्रश्नोत्तरं कधी थांबवायची हे अध्यक्ष ठरवतात आणि नंतर उमेदवाराला बाहेर थांबायला सांगितलं जातं. अखेरचा शब्द तुमच्या हातात नसतो. त्यामुळे पडद्यावर काय राहतं याला दुप्पट महत्त्व येतं. शेवटच्या स्लाइडवर ‘या संशोधनाची भर’ असं शीर्षक देऊन दोन किंवा तीन वाक्यं ठेवा, प्रत्येकापुढे प्रकरणाचा क्रमांक. परीक्षकाने एखादी मर्यादा दाखवली तर ‘हो, नमुना दोनच जिल्ह्यांतला आहे, म्हणून निष्कर्षही तेवढ्यापुरताच मांडला आहे’ असं सरळ मान्य करता येतं आणि बोट त्या स्लाइडकडे नेता येतं.

आभार जरूर माना, पण सुरुवातीला, विषयाच्या नावानंतर लगेच. अनेक ठिकाणी निकाल जाहीर झाल्यावर मनोगताची संधीही मिळते. सविस्तर आभारांची खरी जागा ती आहे. मार्गदर्शक, ग्रंथपाल, आई-वडील, मित्रमंडळी अशी बारा नावांची स्लाइड निष्कर्षानंतर लावली, तर परीक्षकांच्या समोर प्रश्न विचारायच्या क्षणी तुमचं काम नसतं, नावांची यादी असते.

‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ हे वाक्य शाळेपासून अंगवळणी पडलंय. त्याऐवजी काय म्हणावं?
– बँक कर्मचारी, सोलापूर

वक्तृत्व स्पर्धेत ते शोभतं. कामाच्या बैठकीत त्या वाक्यातून ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याचीच भावंडं म्हणजे ‘बस, माझ्याकडून एवढंच’, ‘काही चुकलं असेल तर माफ करा’ आणि ‘मला वाटतं वेळ झालाय बहुतेक’. माफीचं वाक्य विशेष घातक आहे. दहा मिनिटं तुम्ही आकडे सांगितलेत आणि शेवटी तुम्हीच सुचवलंत की त्यात चूक असू शकते.

आभाराचं वाक्य शेवटून दुसरं ठेवा: ‘वसुली विभागाने तीन वर्षांचे आकडे काढून दिले, त्यांचे आभार.’ कशाबद्दल ते सांगून मानलेले आभार खरे वाटतात. मग थोडं थांबून तुमचं मुख्य वाक्य, आणि संपलं. आपल्याकडे सभेत आभारप्रदर्शन वेगळं असतंच, त्यामुळे वक्त्याने लांबलचक आभार मानले नाहीत तर कुणाला उद्धटपणा वाटत नाही.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षांसाठी प्री-कूलिंग युनिट आणि शीतगृह उभारण्याचा विचार करते आहे. बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे मांडणी चांगली होते, पण शेवटी ‘तरी आपण सहकार्य करावं ही विनंती’ म्हटलं की विषय तिथेच थांबतो.
– संचालक, तालुका दिंडोरी

‘सहकार्य’ या शब्दाला हो म्हणणं सोपं आणि त्यानंतर काहीच न करणंही सोपं. समोरच्या माणसाच्या अधिकारात काय आहे ते आधी शोधा. ठरावीक रकमेच्या वरचं कर्ज शाखा मंजूर करत नाही, प्रस्ताव वर जातो. मग शाखाधिकाऱ्याला ‘कर्ज द्याल का?’ विचारून त्यांनी काय उत्तर द्यावं? जागेची पाहणी ठरवणं, कागदांची यादी देणं, शिफारशीसह प्रस्ताव पुढे पाठवणं ही कामं ते करू शकतात. तीच मागा.

रकमा तुमच्या घाला, पण घाट असा ठेवा: ‘प्रकल्प ८० लाखांचा आहे. २० लाख आमचे, ते जमा आहेत, पासबुक फाइलमध्ये आहे. ६० लाखांचं मुदत कर्ज हवं आहे. यंत्रांची तीन कोटेशन प्रकल्प अहवालाला जोडली आहेत. आमची काढणी जानेवारीत सुरू होते, म्हणून युनिट डिसेंबरअखेर चालू व्हायला हवं. जागेची पाहणी येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी ठेवता येईल?’

क्रम बघा. आपला हिस्सा आधी, मागणी नंतर, तारीख कशामुळे अडली आहे त्याचं कारण, आणि शेवटी असा प्रश्न ज्याचं उत्तर म्हणजे एक वार.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड: गप्प बसायचं. चार-पाच सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. ती सहन न होऊन आपणच म्हणतो, ‘नाही, म्हणजे ६० नाही जमलं तर ४० सुद्धा चालेल.’ समोरच्याने एक शब्दही काढलेला नसताना आपण वीस लाख सोडून मोकळे होतो. सोबत आलेल्या इतर संचालकांनाही हे आधी सांगून ठेवा, कारण शांतता बहुधा त्यांच्यापैकीच कुणीतरी मोडतो. पाहणीचा दिवस मिळाला की तिथल्या तिथे डायरीत लिहा आणि त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल पाठवा.

शेवटी सगळ्या मुद्द्यांचा सारांश द्यावा का? मला शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचन उपक्रमाचा अहवाल मांडायचा आहे.
– शिक्षिका, सांगली जिल्हा

सारांश म्हणून सगळे मुद्दे पुन्हा म्हटले, तर लोक पिशव्या आवरायला लागतात. आपल्याकडे याहून चांगला नमुना आहे, कीर्तनाचा. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि आख्यान संपताना पुन्हा त्याच मूळ अभंगावर येतात. शब्द तेच असतात, पण मधे आख्यान ऐकून झालेलं असल्यामुळे ते आता जास्त कळतात.

तुमच्याकडे अभंगाच्या जागी एक आकडा आहे. समजा, सुरुवात अशी केली: ‘जूनमध्ये पाचवीच्या ४० मुलांपैकी १४ मुलांना एक परिच्छेद सलग वाचता येत नव्हता.’ मग उपक्रम सांगा. शेवटी त्याच चौदा मुलांकडे या: ‘त्या १४ पैकी ११ मुलं आज सलग वाचतात. तीन राहिली आहेत. त्यांच्यासाठी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसणारे दोन पालक मला हवे आहेत.’ मधल्या सगळ्या मुद्द्यांचा अर्थ यात आला आणि समितीला करायला काम मिळालं. मुलांची नावं मात्र सभेत घेऊ नका.

कवितेच्या ओळींनी किंवा सुविचाराने शेवट केला तर?
– वाचक, रत्नागिरी

ओळी दोनपेक्षा जास्त नकोत, पाठ हव्यात, आणि तुमच्या विषयाशी त्यांचं नातं समजावून सांगावं लागता कामा नये. कागदात बघून म्हटलेली कविता पडते. इंटरनेटवरून उचललेला सुविचार कुणाच्याही नावावर खपवलेला असतो, तो टाळाच.

ऑनलाइन बैठकीत शेवट कळतच नाही. मी बोलायची थांबते आणि सगळे शांत.
– सॉफ्टवेअर कंपनीतील टीम लीड, पुणे

समोरच्यांना तुमच्याऐवजी स्लाइड दिसत असते, म्हणून समारोपाची चाळीस सेकंदं सुरू करण्याआधी स्क्रीन शेअरिंग बंद करा. चेहरा मोठा दिसू लागला की ऐकणाऱ्यांनाही कळतं की हे आवरतं घेणं आहे. मागणीच्या तीन ओळी आधीच टाइप करून ठेवा आणि बोलता बोलता चॅटमध्ये टाका. ‘कुणाला काही विचारायचंय?’ हा प्रश्न ऑनलाइन हवेत विरतो, त्याऐवजी नाव घेऊन विचारा: ‘टेस्टिंगच्या तारखेबद्दल तुमचं काय म्हणणं?’ माइक चालू करायला आणि आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून समोरासमोर थांबाल त्याहून दोन-तीन सेकंद जास्त थांबा.

शेवटचं वाक्य नेमकं लोकांना ऐकू येत नाही, असं मला दोघांनी सांगितलं. आवाज एरवी चांगला आहे.
– कृषी सहायक, जालना

याचं कारण बरंचसं आपल्या भाषेच्या रचनेत आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ हेही तिथेच. लांब वाक्यात दम संपतो तो नेमका या शब्दांपाशी. ‘पेरणीनंतर पहिल्या पंधरवड्यात शिफारस केल्याशिवाय कोणतंही औषध फवारू...’ इथवर आवाज असतो, आणि ‘नये’ घशात राहतं. सांगायचं होतं तेच गेलं.

शेवटचं वाक्य आठ-दहा शब्दांचं करा आणि त्याच्या आधी पूर्ण श्वास घ्या. वरचं वाक्य तोडून असं म्हणता येईल: ‘पहिले पंधरा दिवस फवारणी नाही. आधी आम्हाला विचारा.’ सराव करताना मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा आणि फक्त शेवटची दोन अक्षरं ऐकू येतात का ते तपासा.

दुसरी गोष्ट पायांची. बरेच जण शेवटचं वाक्य म्हणता म्हणताच माइक खाली करतात, पेन ड्राइव्हकडे हात नेतात किंवा खुर्चीकडे वळतात. वाक्य पूर्ण होईपर्यंत जागा सोडू नका. ते झाल्यावरही समोरच्या रांगेकडे बघत मनात दोन आकडे मोजा, मगच माइक द्या.